प्रवाळवाले नाना

प्रवाळ म्हणजे समुद्रातला दगड, असं नंदुरबारच्या चहाच्या टपरीवर कुणी सहज बोलून गेलं, तर त्याचा चहा निवलाच म्हणून समजा. "दगड नव्हे, प्राणी! जिवंत प्राणी!" नाना बाकावरून अर्धे उठतात. मग त्या प्राण्याला तोंड कुठे असतं, रात्री तो काय खातो, त्याच्या अंगातलं शेवाळ दिवसा त्याला कसं पोसतं, हे सगळं ऐकल्याशिवाय सुटका नाही.

असा माणूस गावोगाव असतो. एकदाच कुठेतरी जाऊन येतो आणि मग तिथून परत म्हणून येत नाही.

नाना निवृत्त भूगोल शिक्षक. या बिनसमुद्राच्या जिल्ह्यात त्यांनी सारी नोकरी फळ्यावर प्रवाळबेटं काढण्यात घालवली. आधी ज्वालामुखीचा डोंगर, मग तो खचतोय, भोवतीचे प्रवाळ मात्र वर चढतायत, शेवटी डोंगर गडप आणि पाण्यावर नुसतं कंकण. डार्विननं 1842 मध्ये हे लिहिलं, आणि नानांच्या मते ते नीट समजलेला पुढचा माणूस थेट नंदुरबारलाच जन्मला. निवृत्तीचे पैसे हातात पडले तसे नाना आणि नानी सुरतेहून कोकण रेल्वेनं कोचीला, तिथून विमानानं अगत्तीला गेले. पिशवीत शेव आणि लाल तिखट. लक्षद्वीपच्या परवान्याचा कागद आज भिंतीवर लॅमिनेट होऊन, नातवाच्या शाळेतल्या प्रमाणपत्राच्या वर लटकतो.

तिथल्या खाजणाचं पाणी कसं दिसतं, हे मिरचीच्या पथारीवर बसलेल्या माणसाला कसं सांगायचं? चहूकडे लालच लाल. नानांनी मार्ग काढला. "मोरचूद पाण्यात टाकल्यावर कसं दिसतं? तसं. फक्त प्यायला बरं वाटेल असं." पपईवाल्या शेतकऱ्यांना लगेच कळलं. एकानं मात्र विचारलं, "नाना, तठे पिकतं काय?" नारळ, म्हटल्यावर त्याचा रस संपला.

पाण्याखाली बघायला तोंडात नळी धरावी लागते आणि नानांना कवळी आहे. कवळी नानींच्या रुमालात ठेवून, जॅकेट घालून, दोन मुलांनी दोन दंड धरलेले, असे नाना पाण्यावर पालथे पडले. खाली चोचीसारख्या दातांचा एक हिरवानिळा पोपटमासा करकरा प्रवाळ खरवडत होता. "मी बोळका आणि तो माझ्यासमोर दगड खातोय!" नाना सांगतात. (प्रवाळाला दगड म्हणण्याची मुभा फक्त त्यांना आहे.) तो मासा जे गिळतो त्याचा चुरा होऊन मागून पडतो, आणि किनाऱ्यावरची बरीचशी पांढरी वाळू त्याचीच असते. ही माहिती नाना नेमकी लोक फाफडा खात असताना देतात. नवविवाहितांनी वाळूतला फोटो दाखवला, तर हमखास.

येताना नानांनी काहीच आणलं नाही. प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. शेजाऱ्यांच्या शोकेसमध्ये जुना पांढरा तुकडा दिसला, तेव्हा नानांनी मयताला गेल्यासारखा चेहरा केला आणि चहा नाकारला. मे महिन्यात तर त्यांच्याकडे जाऊच नये. समुद्र एखाद-दोन अंशांनी जास्त तापून तसाच काही आठवडे राहिला, तर प्रवाळ शेवाळाला हाकलतात आणि पांढरे पडतात. 1998, 2010, 2016, नाना साल सांगत जातात. ऐकणारा 44 अंशांत घाम पुसत म्हणतो, "एका अंशात?"

2024 च्या जानेवारीत पंतप्रधान लक्षद्वीपला गेले, मालदीवशी वाद पेटला आणि नानांच्या दाराशी चपलांचा ढीग लागला. "मी आधी गेलो होतो," हे ते प्रत्येकाला वेगवेगळं सांगत. त्यांना खरी चिंता ही की सगळे गेले तर मावणार कुठे? अख्ख्या लक्षद्वीपची जमीन 32 चौरस किलोमीटर, माणसं 2011 च्या जनगणनेत 64 हजार. एकट्या नंदुरबार शहरात त्याहून जास्त.

आणि लक्षद्वीप आपलंच आहे, हा त्यांचा नवा सिद्धांत. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण झऱ्यानं सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनचा काळा कातळ ओतला, त्याच्याचवरून भूखंड उत्तरेला सरकताना लक्षद्वीपच्या बुडाचा डोंगर उभा राहिला. "सातपुडा थोरला, लक्षद्वीप धाकटं."

परवा टपरीवर नर्मदेतल्या तरंगत्या दवाखान्यावर काम करणारा एक मुलगा होता. म्हणाला, "नाना, बेटं तर आपल्या जिल्ह्यातही आहेत. सरदार सरोवराचं पाणी चढलं, अक्कलकुवा-अक्राणीची 33 गावं बाधित झाली. टेकड्यांचे टापू झालेत. मणिबेलीला मतदानयंत्रही बोटीनं जातं."

मणिबेलीचं नाव निघताच टपरीवाला खाकरला. राज्याच्या त्या एक नंबरच्या मतदान केंद्राची ड्यूटी लागली होती, तेव्हा नानांनी पाण्याची भीती असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडला होता.

"प्रवाळ आहेत का तिथे?" नानांनी विचारलं.

"नाहीत."

"मग ते बेट कसलं? तो बुडालेला डोंगर."

"नाना, तुम्हीच शाळेत शिकवलंत. लक्षद्वीप काय वेगळं आहे?"

नानांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, प्यायला नाही. "आमचा डोंगर आपला आपण बुडाला रे," ते म्हणाले.

"आमचा नाही," मुलगा म्हणाला. मग पिशवी खांद्याला लावत, "या एकदा. परवाना लागत नाही."

नाना बराच वेळ बशीकडे बघत राहिले.

"जॅकेट देतात का?"