समोरच्या काठावर

युरोपातल्या तळ्याकाठच्या गावांचे फोटो पत्त्यांसारखे पिसून पुन्हा वाटले, तर कुठलं गाव कुठलं हे तिथल्या महापौरालाही सांगता येणार नाही. मागे डोंगर, डोंगराच्या माथ्यावर बेताचा बर्फ, पुढे निळंहिरवं पाणी, काठाला एक टोकदार चर्च, प्रत्येक खिडकीबाहेर लाल जिरेनियमच्या कुंड्या आणि पाण्यात हंस. हंस तर बहुधा एकच असावा. त्याला पाळीपाळीने गावोगावी फिरवत असतील. अशा शेकडो गावांतून चार-पाच निवडायची आणि गाडी भाड्याने घेऊन ती पालथी घालायची, असा आमचा बेत होता.

निवडीचं काम साडूंकडे गेलं, कारण त्यांच्याकडे एक्सेल आहे. एक्सेल तसं सगळ्यांकडेच असतं, पण साडू बँकेतून निवृत्त झालेत आणि त्यांना रिकामी चौकट बघवत नाही. त्यांनी रकाने पाडले: डोंगर, पाणी, चर्च, पार्किंग. मेहुणीने त्यात 'रील' घालायला लावलं. बायकोने 'लिफ्ट' आणि 'किचन'. सासूबाईंनी 'फोडणी' सांगितलं, म्हणजे मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजून बंब येतो का, ते. मी 'शांतता' सुचवलं. तो रकाना साडूंनी हाइड करून ठेवला.

सासूबाईंचा मूळ आक्षेप मात्र निराळाच होता. "तळंच बघायचं ना जावईबापू? मग तलावपाळी काय वाईट आहे?" आम्ही सगळे ठाण्याचे. तलावपाळीच्या मासुंदा तळ्यात बोट आहे, काठाला कौपिनेश्वराचं देऊळ आहे, भेळ आहे. "आणि रिक्षा दारात सोडते," त्या म्हणाल्या. याला उत्तर नव्हतं, म्हणून त्यांचंही तिकीट काढलं.

मग व्हिसाचा प्रश्न आला आणि एक्सेल निम्मं आपोआप भरलं. शेंगेन व्हिसाचा नियम असा, की ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. आता आपण कुठे जास्त राहणार हे आपण ठरवावं अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते ठरवतं अपॉइंटमेंटचं कॅलेंडर. एका देशाची तारीख थेट पावसाळ्यानंतरची मिळत होती, दुसऱ्याची मिळतच नव्हती, ऑस्ट्रियाची मिळाली. त्याबरोबर ऑस्ट्रियातल्या तळ्यांचं पाणी जास्त निळं असतं यावर साडूंचं आणि माझं एकमत झालं.

ऑस्ट्रिया म्हटल्यावर हालश्टाट आलंच. त्यावाचून मेहुणी विमानात बसली नसती. या गावाची कीर्ती अशी, की चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतात त्याची चर्चसकट हुबेहूब नक्कल उभी केली आणि २०१२मध्ये ती लोकांना खुलीही केली. मूळ गावात वस्ती आठशेच्याही आत आणि हंगामात एकेका दिवशी दहा हजारांपर्यंत माणसं येतात. २०२३मध्ये वैतागून गावाने फोटोच्या लाडक्या जागेसमोर लाकडी कुंपण उभारलं, म्हणजे मागचा डोंगर दिसू नये आणि लोकांनी सेल्फी काढू नयेत. त्यावर इतका ओरडा झाला की कुंपण काढावं लागलं. स्वतःच्या गावाचा डोंगर पाहुण्यांपासून लपवावा लागणं म्हणजे काय, हे आषाढी एकादशीला पंढरपुरात घर असणाऱ्यालाच समजेल.

हालश्टाटमध्ये राहायचा विचार 'पार्किंग' या रकान्याने हाणून पाडला. दिवसा गावात बाहेरच्या गाड्यांना मज्जाव, गाडी गावाबाहेर ठेवायची, पुढे बॅगा ओढायच्या. सासूबाईंच्या बॅगेत आठ किलो भाजणी असताना हे शक्य नव्हतं. म्हणून मुक्काम त्याच तळ्याकाठी, पण शेजारच्या ओबरट्राउनला केला. दुसऱ्या दिवशी गाडी तिथेच ठेवून आगगाडीने हालश्टाट स्टेशनवर उतरलो. हे स्टेशन गावात नाही, तळ्याच्या अलीकडच्या काठाला आहे. तिथून लाँच पलीकडे नेते. आणि त्या काठावर लाँचची वाट बघत उभं असताना मला या सगळ्या खटाटोपातली एकमेव कामाची गोष्ट उमगली.

सुंदर गावात गेलं की ते सुंदर गाव दिसत नाही. डोंगराला चिकटलेली घरं, पाण्यात उतरलेलं त्यांचं प्रतिबिंब, ते टोकदार चर्च, हे सगळं दिसतं ते समोरून. गावात शिरलं की दिसते पुढच्याची पाठपिशवी आणि चुंबकं विकणारी दुकानं. ज्या चित्रासाठी आलो त्या चित्राच्या आत जाऊन उभं राहिलं, की चित्र बघायला बाहेर कुणी उरतच नाही. तेव्हा नाव सुंदर गावाचं विचारावं आणि खोली त्याच्या समोरच्या गावात घ्यावी. समोरचं गाव स्वस्त असतं, तिथे गाडी लावायला जागा असते, आणि तिथल्या लोकांना आपण आल्याचा चक्क आनंद होतो.

हा सिद्धांत मी लाँचमध्ये मांडला. बायको म्हणाली, "अहो, मग आपण जातोय कशाला? समोरूनच बघितलं असतं." साडू म्हणाले, "परतीचं तिकीट काढलंय."

गावात सासूबाईंना आवडली ती एकच जागा, चर्चच्या मागची अस्थींची खोली. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये दफनभूमीला जागा ती केवढी! म्हणून काही वर्षांनी कबर उघडून कवट्या बाहेर काढत, धुवून उन्हात वाळवत आणि चितारून फळीवर मांडत. तिथे बाराशेच्या वर कवट्या आहेत आणि त्यांतल्या सहाशेएक रंगवलेल्या. गुलाब, वेली, पानांचे मुकुट आणि नीट वळणदार अक्षरात नाव आणि मृत्यूचं साल. प्रथा अठराव्या शतकातली, पण शेवटची कवटी १९९५मध्ये येऊन बसलीय. मेहुणी तोंडावर ओढणी घेऊन बाहेर पळाली. सासूबाई मात्र चष्मा पुसून एकेक कपाळ वाचत राहिल्या. "बरंय," त्या शेवटी म्हणाल्या. "आपल्याकडे कपाळी काय लिहिलंय ते कुणाला वाचता येत नाही. इथे तारखेसकट आहे. श्राद्ध चुकायला नको."

रस्त्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तळी बघायला गेलेल्या माणसाचा बराचसा वेळ तळ्याकडे पाठ करून जातो. मोटरवेवर जायचं तर ऑस्ट्रियाला, स्लोव्हेनियाला आणि स्वित्झर्लंडला वेगवेगळं विन्येट, म्हणजे टोलचा पास, लागतं. ऑस्ट्रिया दहा दिवसांचं देतो, स्लोव्हेनिया आठवड्याचं. स्वित्झर्लंडमध्ये चाळीस फ्रँक भरायचे आणि ते वर्षभरासाठी. एक दिवस जा की रोज जा. साडूंना हे इतकं झोंबलं की पैसे वसूल होईपर्यंत डिसेंबरपर्यंत इथेच राहावं का, असं त्यांनी गंभीरपणे विचारलं.

इटलीची गंमत आणखी वेगळी. जुन्या गावांच्या तोंडाशी पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ दिसलं की समजायचं, झेडटीएल. पुढे परवान्याशिवाय गाडी न्यायची नाही. अडवायला कुणी नसतं. पोलीस नाही, शिट्टी नाही, "साहेब, बाहेरगावचे आहोत, बघा काहीतरी" म्हणायला माणूसच नाही. नुसता कॅमेरा. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ अशा वर्तुळाखालून जिलाटो खायला गेले होते. दंडाचं पत्र त्यांना कितीतरी महिन्यांनी, गणपतीच्या आरतीच्या वेळी पोचलं. तेव्हापासून त्यांच्याकडे आइसक्रीमचा विषय काढत नाहीत.

कोमो तळ्याच्या पश्चिम काठचा रस्ता ज्याने केला त्याला बस माहीत नसावी. एका हाताला दगडी भिंत, दुसऱ्या हाताला पाणी, आणि वळणावर समोरून बस. बसवाल्याला रस्ता तोंडपाठ असतो. साडूंना रस्ता नवा, गाडी नवी आणि स्टिअरिंग डावीकडे. मेहुणीने खिडकीतून हात काढून आरसा आत दुमडला, सासूबाईंनी रामरक्षा सुरू केली, मी नकाशात डोकं घातलं. भिंत आणि गाडी यांच्यात पोस्टकार्ड सरकेल एवढी फट ठेवून बस निघून गेली. ड्रायव्हरने हातसुद्धा केला. साडूंनी पुढे मेनाज्जोपर्यंत अवाक्षर काढलं नाही. आमच्या लग्नानंतरची त्यांची ही सर्वांत मोठी शांतता. रकाना हाइड केला होता म्हणून, नाहीतर मी तिथे दहापैकी दहा दिले असते.

बेलाज्जोची कीर्ती मोठी. तळ्याच्या दोन फाट्यांच्या मधल्या टोकावर ते बसलंय. आम्ही गाडी मेनाज्जोलाच ठेवली आणि पायी फेरीत चढलो. बेलाज्जोच्या पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या, रेशमी स्कार्फ, सगळं झकास. पण तिथल्या टोकावर बसून लोक बघत काय होते? समोरचं व्हारेन्ना. मग व्हारेन्नाला गेलो. तिथले लोक बेलाज्जोकडे बघत होते. सिद्धांताला याहून मोठा पुरावा काय हवा?

गार्दा तळ्यावरच्या माल्चेझिनेला १७८६मध्ये जर्मन कवी गटे आला होता. किल्ल्याचं चित्र काढत बसला, तर गाव गोळा झालं. सरहद्द जवळ, हा ऑस्ट्रियाचा हेर असणार! बिचाऱ्याला समजावता समजावता घाम फुटला. आता त्याच किल्ल्यात त्याचा पुतळा आहे. हल्ली तिथे कुणी फोटो न काढता नुसता उभा राहिला तर लोक संशयाने बघतात.

स्लोव्हेनियातल्या ब्लेडला समोरचं गाव नाही, कारण तिथे बघायचं ते तळ्याच्या मधोमध आहे. बेटावर चर्च, आणि न्यायला प्लेत्ना नावाच्या लाकडी नावा. नावाडी मागे उभा राहून दोन वल्ही मारतो. बोटीचा तोल राहावा म्हणून तो माणसांना वजनाप्रमाणे दोन बाजूंना बसवतो, तेही सगळ्यांदेखत. आमच्या नावाड्याने साडूंकडे एक नजर टाकली, त्यांना डावीकडे बसवलं आणि बाकीच्या आम्हा चौघांना उजवीकडे. साडूंनी बेट येईपर्यंत पोट आत घेतलं होतं. त्याने तोलात काही फरक पडला नाही.

बेटावर ९९ पायऱ्या आहेत. इथे लग्न लावायचं तर नवऱ्याने नवरीला उचलून त्या चढायच्या आणि तोवर नवरीने एक शब्द बोलायचा नाही. मेहुणीने साडूंकडे बघितलं. साडूंनी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. बायको म्हणाली, "उचलणं एखाद्याला जमेलही." वर इच्छापूर्तीची घंटा आहे. लोक दोरीला लोंबकळून इच्छा मागत होते. सासूबाईंनी देवळातल्यासारखी एकदा वाजवली, हात जोडले आणि रांगेतल्या पुढच्याला जागा दिली. खाली आल्यावर तिथली प्रसिद्ध क्रेमश्निटा घेतली. १९५३पासून काठावरचं हॉटेल ती करतं. कुरकुरीत पापुद्र्यांमध्ये कस्टर्ड आणि क्रीमचा थर. "अंडं असेल ना?" सासूबाईंनी विचारलं. असतं, असं सांगितल्यावर त्यांनी वरचा पापुद्रा तेवढा खाल्ला.

मेहुणीचा दुसरा हट्ट इझेल्टवाल्डचा. स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएन्झ तळ्यावरचं चारेकशे वस्तीचं खेडं. तिथल्या लाकडी धक्क्यावर 'क्रॅश लँडिंग ऑन यू' या कोरियन मालिकेचा नायक पियानो वाजवतो. तेव्हापासून कोरियापासून ठाण्यापर्यंतच्या बायका तिथे येतात. गावाने कुंपण घालण्याच्या भानगडीत न पडता धक्क्याला फिरतं फाटक बसवलं. पाच फ्रँक टाका, आत जा, फोटो काढा. पियानो नाही, नायक नाही, नुसत्या फळ्या. "पाचशे रुपयांना फळीवर उभं राहायचं?" साडूंनी विचारलं. मेहुणी आत गेली. सासूबाई दहा पावलं बाजूला जाऊन फुकटच्या काठावर उभ्या राहिल्या, आणि मेहुणीच्या फोटोत आल्या. प्रत्येक फोटोत.

सासूबाईंना मनापासून पटलं ते एकच गाव, जिनिव्हा तळ्यावरचं व्हवे. तिथे काठाजवळ पाण्यात आठ मीटर उंचीचा स्टीलचा काटा उभा आहे, जेवणाचा. त्याच्यामागे खाद्यपदार्थांचं संग्रहालय आहे, म्हणून. शेजारी काठी टेकून चार्ली चॅप्लिनचा पुतळा. १९५३पासून १९७७मध्ये जाईपर्यंत तो इथेच राहिला. काट्याकडे बघत सासूबाई म्हणाल्या, "या गावाचं डोकं ठिकाणावर आहे. डोंगर-बिंगर ठीक, पण जेवायचं काय, हे आधी." मग चॅप्लिनच्या शेजारी उभं राहून त्यांनी पूर्ण प्रवासातला स्वतःहून मागितलेला एकमेव फोटो काढवला. पुढच्याच बाजूला विलनव्ह आहे. १९३१च्या डिसेंबरमध्ये गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी तिथे फ्रेंच लेखक रोमां रोलांकडे राहिले होते, हे मी त्यांना सांगितलं. "बरोबर," त्या म्हणाल्या, "ओळखीच्यांकडे उतरले. पार्किंग शोधत नाही बसले."

सध्या साडूंनी ओह्रिड काढलंय. उत्तर मॅसेडोनियात, तळ्याकाठी, वर्षाच्या दिवसांइतकी म्हणजे ३६५ चर्चं असल्याची ख्याती असलेलं. डोंगर दहा, पाणी दहा, चर्चला तर रकाना पुरेना. त्यांनी फोन करून सगळं वाचून दाखवलं. सासूबाईंनी पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "समोर काय आहे?"

समोर अल्बानिया आहे. तिथे गाडी कुठे लावतात, ते साडू शोधतायत.