आधी घोषणा, मग सर्व्हर

माहिती तंत्रज्ञानाच्या प्रमुखाला धोरण ठरतानाच टेबलावर बसवा, असं व्यवस्थापनाचे पंडित सांगतात. आपल्या राज्य सरकारने २०१७ साली त्याला बसवलं, पण जेवणं उरकल्यावर, भांडी घासायला.

२४ जूनला शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली. ३४ हजार २२ कोटी रुपये, ८९ लाख शेतकरी, दीड लाखाची मर्यादा. आकडे झाले, टाळ्या झाल्या. मग कुणाला तरी आठवलं की हे सगळं संगणकातून जायचं आहे. ऐन निंदण-डवरणीत घाटंजी-केळापूरचा शेतकरी कारभारणीला घेऊन ऑनलाइन अर्जाच्या केंद्रासमोर उभा, कारण अर्जाला नवराबायको दोघंही हवेत. मातीत घासलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेईना. आणि ठसा घेतला, तर "सर्व्हर डाऊन हाये भाऊ, उद्या या."

ऐन दिवाळीत, १८ ऑक्टोबरला, सन्मानाने कर्जमाफीची प्रमाणपत्रं वाटली गेली. लाभार्थ्यांच्या याद्या उघडल्या, तर अनेक शेतकऱ्यांचा आधार क्रमांक एकच! एवढी एकी सहकार चळवळीलाही कधी साधली नव्हती. बँका म्हणाल्या, घोळ माहिती तंत्रज्ञान खात्याचा. खातं म्हणालं, माहिती बँकांची. नोव्हेंबरात खात्याचे प्रधान सचिव बदलले. घोषणा करणारे अर्थातच जागेवर होते. पंडित तंत्रज्ञानाच्या प्रमुखाची व्यूहात्मक भूमिका म्हणतात, ती हीच असावी.

नोव्हेंबर २०१९मध्ये नवं सरकार, डिसेंबरात नवी कर्जमाफी, मर्यादा दोन लाख. या खेपेला ऑनलाइन अर्जच नको, असं ठरलं. अंगठा तेवढा ठेवला.