अण्णांची गिटार

अण्णांना गिटार वाजवता येते का, हे कुणी विचारू नये. जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला. पण क्लासिकल गिटारचा इतिहास त्यांच्याइतका पंचगंगेच्या या काठाला कुणाला पाठ नाही. एवढंच की, तो सुतापासून सुरू होतो आणि सुतापाशीच संपतो.

"सोळाव्या शतकात स्पेनमध्ये व्हिउएला. तारा? आतड्याच्या! मग पाच जोड्यांची गिटार, 1800 च्या आसपास सहा सुट्या तारा. खर्जाच्या तारंच्या पोटात काय? रेशीम! वरनं धातूची तार गुंडाळल्याली. म्हंजे वाजत कोण हुतं? आपला धंदा!"

अल्मेरियाचा आंतोनियो दे तोरेस (1817–1892) त्यांना सुतार म्हणून मान्य आहे. त्याने पेटी मोठी केली, पातळ फळीला आतून पंख्यासारख्या पट्ट्या दिल्या (पट्ट्या आधीही होत्या, त्याने त्या जमवून आणल्या) आणि तारेची लांबी 650 मिलिमीटरवर आणली. "साइज फिक्स केली गड्यानं. आपला 52 इंची माग तसा." मात्र 1862 मध्ये त्याने पाठ-बाजू कागदाच्या लगद्याच्या करून नाद वरच्या फळीत असतो हे दाखवलं, हे सांगताना अण्णांचा चेहरा पडतो. कागद त्यांच्या लाइनमधला नव्हे.

"गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या गावात हे परदेशी खूळ कशाला?" असं कुणी म्हटलं, की अण्णा विचारतात, "1904 साली दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, त्यो काय चंदूरच्या मळ्यात पिकला हुता?"

परवा पुतणीला बघायला विट्याची मंडळी आली. मुलाला गिटारचा नाद.

"तारा कसल्या?"

"स्टीलच्या."

अण्णांनी कपाळाला आठी घातली. मग दुसरं महायुद्ध काढलं. आतड्याची तार जखमा शिवायला गेली, वादकांना मिळेना. तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टिनने नायलॉनची तार केली आणि खुद्द गिटारवादक सेगोव्हियाने ती उचलून धरली. "खर्जाच्या पोटात आता रेशमाजागी मल्टिफिलामेंट नायलॉन! अन् पोरा, तू लोखंड वाजवतोस?"

मुलगा खाली बघू लागला. त्याचे वडील मात्र सरसावून बसले. त्यांचेही माग.

"अण्णा, ते मल्टिफिलामेंट किती डेनियरचं?"

अण्णांनी एकदा छताकडे पाहिलं, आणि आत हाक मारली, "अगं, पोहे झाले का न्हाईत अजून?"