पहाऱ्यावरचा इफ

आमच्या टीममध्ये ओव्हरफ्लोवर सर्वांत जास्त भाषणं मी ठोकली आहेत. नवी पोरं रुजू झाली की त्यांना एरियानची गोष्ट ऐकावीच लागते. 4 जून 1996, एरियान-5 रॉकेट, उड्डाणानंतर मिनिटभरही न होता आकाशात चक्काचूर; कारण 64 बिटांतला आकडा 16 बिटांत कोंबायला गेले आणि तो मावला नाही. इथे मी दोन क्षण थांबतो. पोरं हळहळतात. मग फळ्यावर 65535 लिहून त्यात एक मिळवतो आणि खाली भलंमोठं शून्य काढतो. वन्समोअर अजून मिळालेला नाही.

एवढा अधिकारी माणूस हाताशी असल्यावर यूएसबी नेटवर्क अडॅप्टरचा ड्रायव्हर दुसऱ्या कुणाकडे जाणार? हा अडॅप्टर प्रत्येक पॅकेटच्या आधी त्याची लांबी कळवतो, 16 बिटांत. इथरनेटचं हेडर पडलं 14 बाइट्सचं; पुढचं आयपी हेडर चारच्या पटीत बसावं म्हणून ड्रायव्हर लांबीत दोन मिळवतो, तेवढी मेमरी मागतो आणि पॅकेट तिथे उतरवून घेतो. आता अडॅप्टरने 65535 सांगितले तर? अधिक दोन, म्हणजे उलटून एक. जागा एका बाइटची आणि पाहुणे साडेपासष्ट हजार. शेजारच्या मेमरीत कोण राहतं याची ते चौकशी करत नाहीत.

हे मी ओळखलं होतं. म्हणून इफ घातला: लांबी अधिक दोन ही मूळ लांबीपेक्षा लहान निघाली, तर पॅकेट फेकून द्या. वर तीन ओळींची कॉमेंट, भावी पिढ्यांसाठी. मग पिंग करून पाहिलं, चाललं, कोड ढकलला.

लिनक्सवाल्यांना माझ्यासारख्यांची पारख आहे, असं मला राहून राहून वाटतं. कर्नेलचा जिफीज नावाचा काउंटर ते मुद्दाम अशा आकड्यापासून सुरू करतात, की 32 बिटांची फेरी बूट झाल्यावर पाच मिनिटांतच संपावी. घोळ व्हायचाच असेल तर दीड महिन्याने ग्राहकाकडे न होता इंजिनिअरच्या डोळ्यांदेखत व्हावा. माझ्या इफला मात्र 65535 कुणी कधी दाखवलेच नव्हते.

ते आमच्या इंटर्नने दाखवले, तेही मीच सांगितलं म्हणून. अडॅप्टरचं फर्मवेअर बदलून त्याला खोटं बोलायला लाव, सगळ्यांसमोर डेमो करू, असा माझा बेत. अडॅप्टर लावला. सीरियल कन्सोलवर ओळींचा पूर आला आणि बोर्ड गपगार. मी म्हटलं, केबल लूज आहे. केबल बदलली. मग पोर्टवर संशय घेतला, मग पॉवर सप्लायवर, आणि शेवटी आवाज चढवून जाहीर केलं की कंपायलरमध्येच बग आहे.

तोवर तिने डिसअसेंब्ली उघडली होती. "सर, तुमचा इफ यात नाहीये."

नव्हताच. सी भाषेत 16 बिटांचे आकडे बेरजेआधी इंट होतात, आमच्या बोर्डावर 32 बिटांचे. तिथे 65535 अधिक दोन म्हणजे सरळ 65537. लहान होण्याचा प्रश्नच नाही. आकडा उलटतो तो नंतर, उत्तर परत 16 बिटांत ठेवताना. आमच्या सोसायटीचा वॉचमन "तुम्ही चोर नाही ना?" विचारून सगळ्यांना आत सोडतो, तशातलाच माझा प्रश्न. उत्तर कायम एकच, म्हणून कंपायलरने तो पहाराच उठवला.

मी घाईघाईने चेक_ॲड_ओव्हरफ्लो वापरायला निघालो. कर्नेलमधला हा मॅक्रो उत्तर ज्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचं त्यात ते मावतं का, हे बघतो. इंटर्न म्हणाली, "वापरू या सर, पण एमटीयू तर 1500 आहे. हेडर धरून 1514. त्यापेक्षा मोठं पॅकेट घ्यायचंच कशाला? बेरजेच्या आधीच फेकू."

खोलीत कुणीतरी खोकलं. माझी काही इज्जत शिल्लक होती ती गोळा करून मी म्हटलं, "व्हीलॅनचा टॅग विसरलीस. 1518."

तिने 1518 केलं. त्या पॅचमध्ये माझे एवढे चार बाइट्स आहेत.