हरकत न घेणारं खातं

आमच्या महापालिकेत स्वतंत्र पर्यावरण विभाग निघणार. महासभेत ठराव एकमताने मंजूर झाला. सत्ताधारी आणि विरोधक इतक्या चटकन फक्त मानधनवाढीला एकत्र येतात, म्हणून मुद्दाम प्रस्तावाची टिपणी मिळवून वाचली आणि कोडं उलगडलं. विभागाला दालन आहे, पितळी पाटी आहे, गाडी आहे (डिझेलची, विजेवरची ‘दुसऱ्या टप्प्यात’). एकाही फायलीवर ‘नामंजूर’ लिहिण्याचा अधिकार मात्र नाही.

तसं हे काम नवं नाही. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी वनीकरण आणि पर्यावरण रक्षण नोंदलेलं आहेच. आमच्याकडे ते आरोग्य विभागातला एक लिपिक जन्म-मृत्यू नोंदणी सांभाळून करायचा. कायद्याप्रमाणे दरवर्षी ३१ जुलैच्या आत पर्यावरण सद्यस्थिती अहवाल महासभेपुढे ठेवावा लागतो, तोही तोच करायचा. साल तेवढं बदलायचा. त्यामुळे अहवाल कधी उशिरा आला नाही आणि त्या अहवालात आमच्या नदीत अजून मासे आहेत.

टिपणीतला झाडांचा परिच्छेद मात्र मन लावून लिहिलेला आहे. २०२१मध्ये झाडांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरलं. शिवाय झाड तोडलं तर त्याचं जितकं वय तितकी रोपं लावायची, असा नियम आला. आता रस्तारुंदीकरणात आडवा आलेला स्टेशनजवळचा वड आमच्या पणजोबांच्या वेळचा, हे गावाला ठाऊक आहे. पण गावाला ठाऊक असणं म्हणजे पुरावा नव्हे. सदर वृक्षाने जन्माचा दाखला सादर केला नसल्याने त्याचं वय अंदाजे ४९ वर्षं धरावं, असा अभिप्राय बांधकाम विभागाने दिला आहे. ४९ रोपं कचरा डेपोच्या कुंपणालगत लावायची. तिथे जागा आहे, आणि ती जगली का हे बघायला वासामुळे कोणी फिरकत नाही. नव्या विभागाने लावतानाचे फोटो जपून ठेवायचे.

राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानातली पाच तत्त्वं तर कधीच वाटून झाली. भूमी बांधकामाकडे, जल पाणीपुरवठ्याकडे. वायू कोणी घेईना, तो वाहतूक पोलिसांना पत्र लिहून कळवला. अग्नी म्हणजे खरं तर ऊर्जा. आमच्याकडे उन्हाळ्यात डेपो आपोआप पेटतो, त्यामुळे तो अग्निशमन दलाकडे गेला. उरलं आकाश, म्हणजे जनजागृती. ते नव्या विभागाला मिळालं. पहिली निविदा निघालीसुद्धा: प्लास्टिक टाळा असं सांगणारे फ्लेक्स, चौकाचौकांत, नेत्यांच्या फोटोंसह. प्लास्टिकबंदी २०१८पासून आहे, हे फ्लेक्सच्या ठेकेदाराला कळवायचं काम कुठल्या तत्त्वात येतं, याचा खुलासा टिपणीत नाही.

आकृतिबंधातली बहुतेक पदं ‘शासन मंजुरीच्या अधीन’, म्हणजे रिकामी. विभागप्रमुखाचा अतिरिक्त कार्यभार शहर अभियंत्यांकडे. गेल्या पाच वर्षांत ज्यांनी फुटपाथच्या कडेची वीतभर माती शोधून शोधून पेव्हर ब्लॉकखाली घातली, ते आता पाणी जिरवण्याचं धोरण आखतील. त्यांचा या विषयातला अनुभव दांडगा आहे. नव्या इमारतींच्या भोगवटा प्रमाणपत्राच्या फायलींत शोषखड्ड्याचे फोटो त्यांनीच तपासले. जाणकार म्हणतात, खड्डा एकच आहे, पण चारी बाजूंनी छान येतो.

सभेच्या शेवटी एक व्हॉल्व्हमन मागून उठला. बोलायचा अधिकार त्याला नव्हता, पण विषयच पाण्याचा म्हणून बोलू दिलं. म्हणाला, ‘साहेब, जुन्या टाकीखालची लाईन दोन वर्षं गळतेय. रोज लेखी देतो. ते आता नव्या खात्याकडे द्यायचं का?’

सभागृह गप्प झालं. दुरुस्ती म्हणजे खर्च, खर्च म्हणजे लेखाशीर्ष, आणि नव्या विभागाला फ्लेक्सपलीकडे लेखाशीर्षच नाही. अखेर महापौरांनी विचारलं, ‘गळलेलं पाणी जातं कुठे?’

‘जमिनीतच मुरतं, साहेब.’

‘मग हे भूजल पुनर्भरण झालं की,’ महापौर म्हणाले. ‘यंदाच्या अहवालात घ्या.’