गिझर घेणे आहे

बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव राजासारख्या गावात आंघोळीचे पाणी तापवण्याचे साधन निवडताना साधनाचा विचार सगळ्यात शेवटी करायचा असतो. आधी पाहायचे ते पाणी, मग वीज, मग जागा, आणि मग घरात पहिली आंघोळ कोणाची, हा नाजूक प्रश्न. एवढ्याचा निकाल लागला की साधन आपोआप ठरते. प्रत्यक्षात खामगावच्या दुकानातून गिझर आधी येतो आणि तो टांगायला भिंत नंतर शोधली जाते.

हिशेबाला एका माणसाची आंघोळ म्हणजे पंधरा लिटरची एक बादली धरावी. डिसेंबरात स्लॅबवरच्या टाकीतले पाणी पहाटे २० अंशांच्या आसपास असते. अंगाला बरे वाटणारे पाणी ४० अंशांचे. म्हणजे बादलीमागे ३०० किलोकॅलरी उष्णता, विजेच्या मापात ०.३५ युनिट. चार माणसांच्या घराचे रोज दीड युनिटाच्या आत भागते. हा हिशेब बिनचूक आहे आणि तो कोणत्याही घराला लागू पडत नाही. ज्येष्ठ मंडळी कढत पाण्याखेरीज अन्य पाण्याला पाणी म्हणत नाहीत, आणि केस धुण्याचा वार कोणत्याही सूत्रात बसत नाही.

पाणी कुठून येते, यावर अर्धा खर्च ठरतो. भूजलाचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही. वऱ्हाडात ते हिवाळ्यातही पंचवीस अंशांच्या पुढे असते. त्यामुळे थंडीत विहिरीतून नुकत्याच उपसलेल्या पाण्यावर वाफा दिसतात आणि तेच पाणी रात्रभर टाकीत राहिले की हाडे गोठवते. सर्वांत स्वस्त हीटर म्हणून विहिरीचेच नाव घ्यावे लागते. अडचण एवढीच की शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते, आणि रात्री दोन वाजता आंघोळ करण्याइतका काटकसरी माणूस अद्याप आढळलेला नाही.

साधनांत मान पहिला बंबाचा. तांब्याचे पिंप, मधून आरपार गेलेली नळी, खाली जाळी, नळीत जाळ आणि नळीभोवती पाणी. आगीला चारही बाजूंनी पाण्याने वेढायचे, ही युक्ती त्यामागे आहे, आणि वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमध्येही युक्ती तीच. वऱ्हाडातले त्याचे इंधन म्हणजे कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या. पऱ्हाटी भसकन पेटते आणि तितक्याच लवकर संपते, म्हणून बंबापुढे कोणीतरी सतत बसून राहावे लागते. बंबाला थर्मोस्टॅट नसतो. ते काम आजी करते. ती नळाखाली बोटे धरून तापमान सांगते, कोण किती वाजता उठले याची नोंद ठेवते आणि ती नोंद दिवसभरात योग्य त्या व्यक्तींना वाचूनही दाखवते. ही सोय पंचतारांकित गिझरातही नाही.

बंब वापरण्याचे दोन नियम. पहिला, पाणी भरल्याशिवाय जाळ घालायचा नाही. घातला तर डाख सुटतो आणि तांबटाकडे जावे लागते. दुसरा, एक बादली गरम काढली की एक बादली गार ओतायची. पहिला नियम सगळे पाळतात. दुसरा नियम कोणी मोडला, हे शेवटी आंघोळ करणाऱ्यालाच कळते, आणि तोवर गुन्हेगार कपडे घालून बाहेर पडलेला असतो. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर गावोगावच्या स्वयंपाकघरांत सिलिंडर आले, तरी कित्येक घरांत आंघोळीचे पाणी जाळावरच राहिले. गॅस चहाला आणि पऱ्हाटी पाण्याला, अशी वाटणी झाली. ती शहाणपणाची आहे, कारण पऱ्हाटीला सबसिडीची वाट पाहावी लागत नाही.

बंबानंतर क्रम लागतो तो डिझेल इंजिनाचा. कोणत्याही कॅटलॉगात हे पाणी तापवण्याचे साधन म्हणून छापलेले नाही, तरी ते तसे होते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना १९४६ साली पुण्याजवळ खडकीला सुरू झाला, आणि पुढे विजेचे खांब येण्याआधी विहिरीविहिरीवर इंजिने धडधडू लागली. इंजिन थंड ठेवायला विहिरीचेच पाणी त्याच्या पोटातून फिरवत आणि ते एका नळीने बाहेर पडे, चांगले कोमट होऊन. पाच अश्वशक्तीच्या इंजिनात डिझेलची जेवढी ऊर्जा पंपाला मिळते, ढोबळमानाने तेवढीच या पाण्यात जाते: तीन-चार किलोवॉट, म्हणजे आजच्या मोठ्यात मोठ्या घरगुती गिझराइतकी. ओलिताला गेलेला माणूस थंडीच्या सकाळी त्या नळीखालीच आंघोळ उरकी. पाणी अखंड, गरम आणि फुकट. वर डिझेलचा वासही फुकट.

छोट्या प्रवासी बोटीवर आज जगभर हीच रीत चालते. पिंपळगाव राजापासून समुद्र जवळजवळ चारशे किलोमीटर दूर आहे, पण बोटीवरच्या कुटुंबाच्या अडचणी इथल्याच आहेत: टाकीत मोजके पाणी, बॅटरीत मोजकी वीज, न्हाणीत वळायला जागा नाही, आणि चौघांपैकी एकजण नळ उघडा ठेवूनच साबण लावणारा. तिथे इंजिनाचे गरम पाणी एका बंद वेटोळ्यातून फिरवतात. वेटोळे वीस-चाळीस लिटरच्या आच्छादित टाकीत बसवलेले असते, त्यामुळे इंजिनातले पाणी अंगावर येत नाही, नुसती त्याची ऊब येते. धक्क्याला लागल्यावर त्याच टाकीतली विजेची कॉइल सुरू करतात. दिवसभर बोट चालली की संध्याकाळी आंघोळ गरम. बोट शिडावर गेली तर आंघोळ देवाच्या भरवशावर. गावात शीड नसले तरी विजेची डीपी असते, आणि ती उडाली की परिणाम तोच.

आता वीज. इमर्शन रॉड सर्वांत स्वस्त आणि सर्वांत धोकादायक. १५०० वॉटचा रॉड २३० व्होल्टला एक बादली पाऊण-एक तासात तापवतो असे सांगणारे लोक आहेत. खरे तर त्याला पंधरा मिनिटे पुरतात. ते लोक मात्र खोटे बोलत नसतात. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे १८० व्होल्टला हाच रॉड ९२० वॉटचा होतो आणि पंधरा मिनिटांची तेवीस होतात. ओलिताच्या दिवसांत शेजारपाजारच्या मोटारी सुरू झाल्या की दाब आणखी खाली जातो आणि बादलीभोवती ‘पानी काहून तापत नाही बाप्पा’ ही सभा भरते. सभेतला एक सभासद हमखास बोट घालून पाहतो. रॉड चालू असताना पाण्याला हात लावणे म्हणजे मरणाला आवतण. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग बोट. रॉड प्लास्टिकच्या बादलीच्या काठाला टेकवू नये, आणि लोखंडी बादलीत तर तो घालूच नये.

रॉड इन्व्हर्टरवर चालवण्याचा विचार प्रत्येक घरात एकदा होतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट वीज असते. १५०० वॉटचा रॉड तिच्यातून सव्वाशेहून अधिक अँपिअर ओढू पाहतो. तेवढ्यात इन्व्हर्टर शिट्टी मारतो आणि घरातले पंखे, दिवे, टीव्ही सगळे एकदम शांत होतात. बोटवाले बॅटरीवर पाणी तापवत नाहीत ते याच कारणाने.

गॅस गिझर झटपट असतो. पंधरा लिटरच्या बादलीला जेमतेम ३४ ग्रॅम गॅस लागतो; १४.२ किलोच्या सिलिंडरात चारशेच्या आसपास बादल्या बसतात. पण त्याला नळाचा दाब लागतो. टाकी न्हाणीच्या डोक्यावर हातभर उंचीवर असेल तर तो पेटतच नाही. ठिणगीसाठी त्यात दोन जाड सेल असतात, आणि ज्या घरात जुना टॉर्च अजून टिकून आहे तिथे रात्री वावरात जाणारा माणूस ते काढून नेतो. इथवर विनोद आहे, पुढे नाही. बंद न्हाणीत गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला ओरडण्याइतकाही वेळ देत नाही. गॅस गिझर न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत लावता येत असेल तरच घ्यावा.

साठवणीचा विजेचा गिझर हा मध्यममार्ग. पंचवीस लिटरची टाकी ६० अंशांपर्यंत तापवली आणि तितकेच गार पाणी मिसळले की ४० अंशांचे पन्नास लिटर होतात, म्हणजे सव्वातीन बादल्या. माणसे चार. उरलेली तूट घरात जो सर्वांत कमी बोलतो त्याच्या खात्यावर पडते. २ किलोवॉटची कॉइल ही टाकी पस्तीस मिनिटांत पुन्हा तापवते, पण तेवढा वेळ दार वाजवल्याशिवाय थांबणारे कुटुंब विरळा.

गिझराचा खरा शत्रू मात्र घरात नसून पाण्यात असतो. जिल्ह्याच्या उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. त्याच्या बाहेरही बेसॉल्टातल्या बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. जड पाणी तापले की त्यातला विरघळलेला चुना सुटतो आणि नेमका कॉइलवर बसतो. दोन-तीन हिवाळ्यांनी प्लंबर कॉइल बाहेर ओढतो तेव्हा तांबे दिसतच नाही. पांढरट, खरखरीत कवच दिसते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकले की त्याच्या पापुद्र्या फरशीवर पडतात आणि घरातले सगळे न्हाणीच्या दाराशी जमून ‘हे आपण पितो?’ असे विचारतात. या कवचातून उष्णता पाण्यात नीट जात नाही, कॉइल आतल्या आत तापते आणि एका सकाळी जाते. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी आपण गंजावे हे तिचे काम. कांडी झिजली का हे वर्षाकाठी पाहावे, असे पुस्तिकेत लिहिलेले असते. पुस्तिका थर्मोकोलसकट माळ्यावर असते.

तीन लिटरचा इन्स्टंट गिझर पुण्याला नोकरी करणारी मुले दिवाळीला घेऊन येतात. ३ किलोवॉटवर तो मिनिटाला दोन लिटरांच्या जरा वर पाणी देतो. बादली भरायला सात मिनिटे. भांडी घासायला उत्तम.

सौर बंबाला या भागात हिवाळाभर ऊन भरपूर मिळते. जड पाण्यात सपाट पत्र्याच्या यंत्रातल्या बारीक तांब्याच्या नळ्या चोंदतात, म्हणून काचेच्या नळ्यांचे यंत्र बरे. तोंड दक्षिणेला हवे. स्लॅबपासून न्हाणीपर्यंत पंधरा मीटर पाइप असेल तर आधी अडीच लिटर गार पाणी येते. ते वाया न घालवता कपड्यांच्या बादलीत सोडावे. नळ रोज येतोच असे नसलेल्या गावात हे शिकवावे लागत नाही. काचेच्या नळ्यांवर वानरे उड्या मारतात, याचा उल्लेख वॉरंटीत कुठेही नाही.

साधन कोणतेही घ्या, वायरिंग त्याच्याहून महत्त्वाचे. ३ किलोवॉट म्हणजे १३ अँपिअर. त्याला जाड वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि गळती पकडणारा ब्रेकर लागतो. जुन्या घरांत अर्थिंगची तार नळाच्या पाइपाला गुंडाळलेली सापडते. पाइप लोखंडी होता तोवर तिला काही अर्थ होता. आता तो प्लास्टिकचा आहे आणि तार नुसती शोभेची.

एकूण निवाडा असा. चौघांच्या घराला २ किलोवॉटचा, पंचवीस लिटरचा साठवणीचा गिझर. स्वतःची स्लॅब आणि गाठीला पैसा असेल तर सौर. बंब मोडीत घालू नये. नरक चतुर्दशीला पहाटे चार वाजता बारा माणसांना तेल लावून बसवलेले असते, आणि त्या वेळी लाइट गेली तर चिंचेने घासून ठेवलेला बंबच कामी येतो. एप्रिल ते जून कशाचीच गरज नसते; काळ्या टाकीतले पाणी दुपारी हात भाजेल इतके तापते आणि लोक गार पाणी कसे करावे याची चर्चा करतात. गिझर घ्यायचा तो याच दिवसांत घ्यावा. दुकानदार भाव कमी करतो, आणि प्लंबर फोन उचलतो.