वाढत्या अंगाची सायकल

रात्री साडेदहाच्या सुमारास मुलुंड पूर्वेच्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पंचेचाळिशीचा गृहस्थ सायकल उलटी टाकून, मागचं चाक फिरवत, त्याला कान लावून बसलेला दिसला तर त्याला हटकू नये. जुने वॉचमन हटकतही नाहीत. हा शर्यतीतल्या पोराचा बाप आहे आणि तो चाकाची टिकटिक ऐकतोय. दिवसा तो बँकेत किंवा विमा कचेरीत असतो. ‘फ्रीव्हील’ आणि ‘फ्रीहब’ यांतला फरक त्याला जेमतेम वर्षापूर्वी कळला. पण ज्याला त्यानं तो समजावून सांगितला नाही असा माणूस आता त्याच्या नेहमीच्या लोकलच्या डब्यात उरलेला नाही. (फ्रीव्हीलच्या चाकात आसाचं एक टोक आधाराविना राहतं, उड्या मारल्या की तो वाकतो. हे ऐकायला घाटकोपर ते कुर्ला एवढा वेळ लागतो.)

या जमातीला स्वतःचं नाव नसतं. एकमेकांच्या फोनमध्ये ते ‘ओमचे बाबा २४ इंच’, ‘रियाचे पप्पा डिस्कब्रेक’, ‘घाटकोपर एअर फोर्क’ असे नोंदलेले असतात. मुलगी असली तरी रोगाची लक्षणं तीच. अंधेरीत आई असते, ती बापापेक्षा कडक.

रोगाची सुरुवात बहुधा बोरिवलीला होते. रविवारी सकाळी नॅशनल पार्कात गेटवर भाड्याची सायकल घेऊन पोरगं कान्हेरीचा चढ न उतरता चढून जातं आणि मागून घामाघूम झालेला कोणीतरी म्हणतो, “पोरात दम आहे हो!” एवढ्यावर संसार बुडतो. पुढच्या हंगामात पुण्याजवळ कुठल्याशा टेकडीवर चौदा वर्षांखालच्या गटात चिरंजीव दिवाळीत घेतलेल्या गिअरच्या सायकलवर नववे येतात. तिथला कोच ती सायकल एका हातानं उचलतो, खाली ठेवतो आणि काही न बोलता निघून जातो. बापाला रात्रभर झोप येत नाही.

दुसऱ्या दिवशी हा ती सायकल भंगारवाल्याकडे नेतो. विकायला नाही; एवढा मोठा टांगता काटा दुसऱ्या कुणाकडे असतो? काट्याला लटकवल्यावर भरली साडेअठरा किलो. चिरंजीव छत्तीस. शाळेचं दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं असं शासनानं सांगून ठेवलं आहे. सायकल निम्म्याहून जड असल्यास काय करावं, याबद्दल शासन काही बोलत नाही. भंगारवाल्यानं मात्र सवयीनं खिशातला लोहचुंबक फ्रेमला लावला. चिकटला. “लोहा है साहब. ॲल्युमिनियम बोलके दिया क्या?” सहा महिन्यांपूर्वी दुकानदारानं जे सांगितलं नव्हतं ते इथे फुकटात कळलं. भावही सांगितला गेला. तो या गृहस्थानं बायकोला सांगितला नाही.

मग अभ्यास सुरू होतो. पहिला शोध लागतो तो पुढच्या सस्पेन्शनचा. स्वस्त सायकलच्या फोर्कमधली स्प्रिंग मोठ्या माणसाच्या वजनाच्या हिशेबानं बसवलेली असते. छत्तीस किलोचं पोर त्यावर नाचलं तरी ती दबत नाही. म्हणजे दोन-अडीच किलोचं ओझं दगडाधोंड्यांवरून वाहायचं आणि धक्के ते धक्केच. त्यापेक्षा सरळ साधा फोर्क आणि जाड टायर बरा. दुसरा शोध क्रँकचा: दुकानातल्या बहुतेक सायकलींना १७० किंवा १७५ मिलिमीटरचे लागतात, पोराच्या पायाला १५२ हवेत, आणि १५२ मागितले की काउंटरवरचा मुलगा आतल्या मुलाकडे बघतो. तिसरा शोध लागेपर्यंत हा ऑफिसात ‘डेरेलर’ म्हणायला लागलेला असतो, आणि साहेबांना वाटतं नवीन सॉफ्टवेअर आलं.

शोरूमची पायरी एकदाच चढायची असते. बऱ्यापैकी ॲल्युमिनियम फ्रेम, हवेचा फोर्क, हायड्रॉलिक ब्रेक एवढं मागितलं की आकडा साठ-सत्तर हजारांपुढे जातो, आणि त्यापलीकडे लाखांचा प्रदेश लागतो, तिथे सेल्समन आवाज खाली आणून बोलतो. २०२३ च्या बजेटमध्ये परदेशी सायकलींवरचं आयातशुल्क तीसचं पस्तीस टक्के झालं, हे हा सांगतो. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बाराचा पाच झाला, हे सेल्समन सांगतो. दोघंही खरं बोलतात आणि सायकल तिथेच राहते.

खरी अडचण किमतीची नाहीच. याचं सगळं आयुष्य वाढत्या अंगाच्या मापात गेलं. शाळेची खाकी चड्डी पाचवीला शिवलेली सातवीला बसायला लागली, कॅनव्हासच्या बुटांत पुढे कापूस. सायकलचं तर त्याच्या लहानपणी एकच माप होतं: बाबांची. बावीस इंची, काळी, मधल्या दांड्याखालून पाय घालून शिकायची. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, बंद पडला तेव्हा यानं स्टेटसला हार घातलेला फोटो ठेवला होता. त्यामुळे सवयीनं यानं दुकानात मोठीच दाखवा म्हटलं. साडेसत्तावीस इंची चाक, मिडियम फ्रेम. “दोन वर्षं बघायला नको.” चिरंजीव बसले. पायाचे अंगठे जमिनीला जेमतेम टेकले, बोटं ब्रेकपर्यंत पोचेनात. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिल्यावर मध्ये चार बोटं तरी जागा हवी. इथे उलट परिस्थिती होती आणि चिरंजिवांच्या चेहऱ्यावर ती दिसत होती. उतारावर दगडात जिला वळवता येत नाही अशी सायकल वाढत्या अंगाची घेता येत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं. आजीला ते अजून पटलेलं नाही. ती म्हणते, कापूस घाला.

म्हणजे चोवीस इंची. वर्ष, दीड वर्ष. मग सव्वीस किंवा साडेसत्तावीस, लहान फ्रेम. आणखी दीड वर्ष. त्यात शर्यतीचे गट चौदाखाली, सोळाखाली, अठराखाली असे वाढदिवसावर चालतात आणि हाडं आपल्या मर्जीनं. हिशेबाची वही उघडली की हा माणूस जुन्या मालाकडे वळतो, आणि इथे त्याची खरी प्रतिभा फुलते.

जुन्या सायकलींच्या जाहिराती तो कुंडलीसारख्या वाचतो. ‘फक्त दोन महिने वापरलेली’ याचा अर्थ तो लावत नाही, फोटोत टायरकडे बघतो: नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते झडले नसले तर विकणाऱ्या बाई खरं बोलताहेत. अशा सायकली अंधेरीच्या लोखंडवालात आणि पवईत भरपूर. लॉकडाउनमध्ये हौसेनं घेतल्या आणि आता बाल्कनीत त्यांच्या हँडलवर टॉवेल वाळतात. पण त्या सगळ्या बापांच्या मापाच्या. पोराच्या मापाची हलकी, शर्यतीची सायकल मिळते ती फक्त दुसऱ्या शर्यतीतल्या पोराच्या घरी. आणि तीही ते पोर उंच झालं तरच.

यातून या जमातीचं सगळ्यात विलक्षण लक्षण जन्माला येतं. हा मनुष्य स्वतःच्या मुलापेक्षा दुसऱ्याच्या मुलाच्या उंचीची काळजी जास्त करतो. घाटकोपरला एक दीड वर्षानं मोठा मुलगा आहे, त्याच्याकडे सव्वीस इंची, हवेचा फोर्क, अकरा किलोची सायकल आहे. हा शर्यतीला गेला की आधी त्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवतो. “काय रे, बास्केटबॉल खेळतोस की नाही? खेळावं. लटकावं.” त्याच्या बापाला सांगतो, “अंडी देत नसाल तर सोयाबीन द्या. पनीर द्या.” गुजराथी माणूस, त्याला वाटतं केवढा आपलेपणा! निकालाच्या वेळी बक्षीस घेताना तो मुलगा व्यासपीठावर चढतो तेव्हा सगळे त्याच्या पदकाकडे बघतात, हा त्याच्या पँटच्या खालच्या शिवणीकडे.

मधल्या काळात सराव चालू ठेवावा लागतो. संगमनेरच्या प्रणिता सोमणनं डोंगरी सायकलमध्ये देशपातळीवर पदकं मिळवली, हे या घरात गुरुचरित्रासारखं सांगितलं जातं. पण मुलुंडचा डोंगर वनखात्याचा. पार्कात सायकलला डांबरी रस्ता मोकळा, रानातल्या वाटा नाहीत, आणि बिबट्याच्या वेळा ठरलेल्या नसतात. म्हणून येऊर, नाहीतर आरे. १९४९ साली दुधासाठी वसवलेल्या आरे कॉलनीचा एक फायदा असा की पावसाळ्यानंतर आडवाट शोधावी लागत नाही, मुख्य रस्त्यावरच सगळा सराव होतो.

तिथेच नाक्यावर पंक्चरवाला आणि हा यांची दर रविवारी जुंपते. पंक्चरवाल्याच्या शास्त्रात हवा म्हणजे दगड. तो अंगठ्यानं टायर दाबून समाधानानं म्हणतो, “टाइट कर दिया.” हा खाली बसतो, खिशातलं प्रेशरचं मीटर काढतो, पन्नास बघून कळवळतो आणि फुस्स करून पंचविसावर आणतो. मऊ टायर दगडाला धरून बसतो, सुटत नाही. पंक्चरवाला आपली मेहनत हवेत जाताना बघतो. दहा रुपये घेतो. “अगले हफ्ते से आधा ही भरूँ?” त्या प्रश्नातला उपरोध याला कळत नाही, तो आनंदानं हो म्हणतो.

बायकोला यातलं काय पटतं, सांगणं कठीण. जुनी सायकल म्हटलं की ती नाक मुरडते. मग हा इतिहास काढतो. हा खेळच भंगारातून निघाला, तो सांगतो. १९७६ साली कॅलिफोर्नियात, फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर, काही पोरं जुन्या, जाड टायरच्या, मोडीतल्या सायकली घेऊन सुटायची. ब्रेक मागच्या हबमध्ये. खाली येईपर्यंत आतलं ग्रीस जळून धूर यायचा, प्रत्येक खेपेला हब उघडून नव्यानं ग्रीस भरावं लागे, म्हणून शर्यतीचं नावच ‘रीपॅक’. आणि वीस वर्षांनी, १९९६ ला, हाच खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये!

“मग तिथेही जुन्याच घेऊन गेले का?” ती विचारते. भाजी चिरताना विचारलेल्या अशा प्रश्नांना जमातीत अजून कुणाला उत्तर सापडलेलं नाही.

सध्याची चोवीस इंची त्यानं बोरिवलीहून आणली. ती खरेदी बघण्यासारखी होती. सायकल उलटी केली, खालचा नंबर टिपला, चोरीची नाही ना म्हणून बिल मागितलं. हेडट्यूबच्या वेल्डिंगवर मोबाइलचा टॉर्च धरून तडा शोधला. चाकाला थोडा आउट होता, तो काढून घेऊ; चेन ताणली होती, तिचे तीनशे कमी करा. विकणारी माउली शांतपणे सगळं ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, “तुमचा मुलगा कितवा येतो?” सातवा म्हटल्यावर तिनं तीनशे कमी केले, पण त्यात दया होती.

बोरिवली आणि मुलुंड यांच्यात जंगल आहे. बिबट्या सरळ येतो, माणसाला वळसा पडतो. लोकलनं आणायची तर मालडबा, दादरला पूल चढून गाडी बदलायची. हा सायकलवर बसला. हायवे, मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, मग भांडुप. गुडघे हनुवटीला, पाठीवर ऑफिसची बॅग, जोगेश्वरीच्या सिग्नलला रिक्षावाले बघताहेत. घरी आल्यावर दोन दिवस त्याला बसता येत नव्हतं. पण पुन्हा भंगारवाल्याकडे गेला, काटा लावला. अकरा किलो सहाशे. लोहचुंबक लावायला सांगितला. घसरून खाली पडला. या घटनेचा व्हिडिओ उपलब्ध आहे.

ही सायकल त्यानं विकत घेतली असं म्हणणं तसं चूकच. रांगेत त्याचा नंबर लागला. कारण पैसे देऊन होताच अंधेरीच्या त्या आईचा फोन आला होता. तिच्या मुलीची वीस इंची आहे. तुमची सुटली की आमची, शब्द दिलात हं. यानं दिलाही, कारण घाटकोपरचा मुलगा तेव्हा महिन्याला सेंटिमीटरच्या वेगानं वाढत होता आणि दिवाळीपर्यंत काम होईल असा अंदाज होता.

पण गेल्या शर्यतीत घाटकोपरच्या बापानं हसत हसत दाखवलं: सीटचा दांडा लांब टाकलाय, हँडलचा स्टेमही दोन सेंटिमीटर मोठा. “अजून एक सीझन आरामात निघेल, साहेब. तुम्हीच सांगितलं होतं ना, पैसा जपून वापरावा?” हे यानं खरंच सांगितलं होतं, डोळ्यांत पाणी आणून, भाव पाडताना. परत येताना गाडीत तो ऐरोलीपर्यंत काही बोलला नाही.

आता पहिल्या तारखेला अंधेरीचा फोन आला की तो गॅलरीत जाऊन घेतो.

“किती झाली हो उंची?”

“एकशे सेहेचाळीस.”

“मागच्या महिन्यातही सेहेचाळीसच सांगितली होतीत.”

“पावसाळ्यात मुलं जरा कमीच वाढतात.”

“ओमचे बाबा, पावसाळा जाऊन दोन महिने झाले,” ती म्हणते. “आणि रविवारी आरेत बघितलं मी त्याला, गुडघे हँडलला लागत होते. दूध जास्त द्या सांगत नाही मी. पण सीट वर करून फसवू नका. आमच्या हिला फेब्रुवारीत शर्यत आहे.”

“बघतो,” तो म्हणतो, फोन ठेवतो, आणि लगेच घाटकोपरला लावतो. “काय शेठ, मुलगा कसा आहे? पोहायला घाला त्याला. पोहल्यानं फार फरक पडतो म्हणे.”